नववी रेघ

ओवे गावातल्या काशिराम, शिवा आणि शैलेश या तीन भावांची घरं एकाच अंगणात होती. वडिलांच्या मागे वाटणीत तुटलेलं बोलणं परत जुळलंच नाही. आता तिन्ही घरांना पाणी, वीज आणि गॅसच्या नव्या लाईनी जमिनीखालून घ्यायच्या होत्या, आणि एका बाबतीत तिघांचं अगदी एकमत होतं: "त्यांची लाईन माजे लाईनीच्या वरना नको नि खालना पन नको."

प्लंबर पहिल्याच दिवशी पळाला. मग काम शिवाच्या मुलीवर, प्रांजलवर आलं, कारण ती पनवेलला कॉलेजात गणित शिकत होती. तिने अंगणात चुन्याने रेघा मारल्या. आठ रेघा सुखरूप पोचल्या. नववी, शैलेशच्या पाण्याची, कुणाला तरी आडवी जायचीच.

"हे होणार नाही," ती म्हणाली. "जगभर प्रसिद्ध कोडं आहे हे. अशक्य आहे असं सिद्ध झालंय."

"शिद्ध करनारा ओव्याला आलता का?" काशिरामने विचारलं.

"तुजे बापाला सांग, जरा सरक," शैलेश म्हणाला. बाप शेजारीच उभा होता.

रेघा पुसून पुसून कोंबड्यांचे पाय पांढरे झाले. शैलेशची बायको मात्र हंडा घेऊन दुसऱ्या आळीत जातच राहिली.

शिवाच्या घरात खाटेला खिळलेली तिघांची आई, हौसाआई, खिडकीतून सगळं बघत होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. पोरं एकमेकांशी बोललेली ऐकावीत आणि डोळे मिटावेत, एवढंच तिचं मागणं उरलं होतं.

"पोरी, घर म्हंजे लाईन हाय का गो?"

"नाही, आजी. लाईनी घराच्या भिंतीशीच संपतात."

"मंग शैलेशचा पायप माजे खाटेखालना ने. नि कॉक बी तेथंच बसव."

शिवाने खाट थोडी सरकवून जागा करून दिली. मरणाऱ्या आईला नाही कसं म्हणायचं?

तेव्हापासून रोज सकाळी पाणी आलं की शैलेश भावाच्या घरात येई आणि खाटेखाली वाकून अंगणातल्या आपल्या टाकीचा कॉक उघडी. आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवी.

"आये, त्याला सांग, चिखलाचं पाय धुवून ये," शिवा हातभर अंतरावरून म्हणे.

"आये, त्याला सांग, कॉक गंजलाय, तेल घाल," शैलेश खाटेखालून म्हणे.

म्हातारी दोन्ही निरोप इमानाने पोचवी. याहून जास्त तिच्या नशिबात आलं नाही. दिवाळीच्या तोंडावर ती गेली.

तेरावं झालं आणि दुसऱ्या सकाळी शैलेश दारातच अडला. खाट काढली होती. निरोप सांगायला कुणीच नव्हतं.

शिवाने त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग म्हणाला, "ये आत. मी खोलतो कॉक. तू बस."

शैलेश बसला, खाट होती तिथेच, आणि लहान पोरासारखा रडू लागला. शिवाने कॉक उघडला आणि तोही त्याच्याजवळ बसला. ज्या कानांसाठी हे बोलणं व्हायचं होतं, ते आता नव्हते.

"आरं, टाकी भरली! पानी चाललंय!" काशिराम ओरडत आत आला. कॉक बंद करायला वाकला, आणि तोही तिथेच बसला.

बाहेर टाकी वाहत राहिली.