फडक्यांची युकारी

गणपतीच्या आरतीत सगळे एका तालात टाळ्या वाजवत होते आणि फडके भलत्याच. तीन सावकाश, दोन भरभर, मग दोन्ही हात वर. "मोरया"च्या जागी त्यांच्या तोंडून "युकारी!" निघालं आणि इथे आखातात, खलिफा सिटीतल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला कळलं, की एसीच्या डक्टमध्ये हयात घालवलेला हा माझा शेजारी एका जपानी गायिकेचा भक्त आहे.

युकारी जेमतेम दोन वर्षं गायली. झालरीच्या झग्यात नाचायची, गोड हसायची. एके दिवशी माइक स्टेजवर ठेवला, वाकून नमस्कार केला आणि घरी गेली ती गेलीच. जग तिला विसरलं. फडक्यांना कुणी कळवलं नाही.

"आजकालच्या गायिका गाणं संपल्यावर दोन बोटांनी बाय करतात ना जोशी, ती ओरिजिनल युकारीची स्टाइल!" हे ते लिफ्टमध्ये शेजारच्या पठाण ड्रायव्हरलाही हिंदीत समजावत. तो बिचारा "माशाल्ला" म्हणून मिळेल त्या मजल्यावर उतरायचा.

मीही चिडवायचो. "फडके, या वयात लोक गुडघे धरून बसतात."

"गुडघे आहेतच, हबीबी. त्यांनाच तर नाचवतोय."

परवा त्यांनी दार वाजवलं. "यल्ला, चला जोशी, युकारीचा वाढदिवस. केक आणलाय."

केक गुलाबी होता. पण ते कापेनात. फोन समोर उभा करून बसले होते.

"सईचा व्हिडिओ कॉल येईल. मग कापू."

सई त्यांची मुलगी. इथे शाळेत असताना ती खोलीचं दार लावून बसायची, बापाशी बोलायची नाही. एकदा यांनी आत डोकावून, तिच्या फोनवर गाणाऱ्या मुलीकडे बघत विचारलं, ही कोण गं? तिने युकारी दाखवली, टाळ्या शिकवल्या. पुढे कॉलेजसाठी मायलेकी पुण्याला गेल्या, त्या तिकडच्याच झाल्या. एरवी सई "बिझी, बाबा" एवढंच लिहायची. पण या दिवशी न चुकता फोन करायची आणि दोघं मिळून टाळ्या वाजवायची.

केकचं क्रीम ओघळायला लागलं. शेवटी मेसेज आला. फडक्यांनी तो वाचून माझ्याकडे सरकवला.

"बाबा, आय ॲम सो ओव्हर ऑल दॅट नाऊ. यू एन्जॉय!"

मला फार वाईट वाटलं.

"मोठी झाली," फडके म्हणाले. "चांगलंय. व्हायलाच हवं." त्यांनी चष्मा पुसला, मेणबत्ती पेटवली, पण सुरी तशीच हातात राहिली. "जोशी, टाळ्या येतात तुम्हाला?"

वाजवल्या मी. तीन सावकाश, दोन भरभर, जमेल तशा.

"चुकलं," ते म्हणाले. "सईचंही पहिल्यांदा इथेच चुकायचं. पुन्हा."