नॉर्मल खांद्याच्या शोधात डॉक्टर आठल्ये

डॉक्टर आठल्ये माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, थेट खांद्याकडे बघतात. पनवेलच्या ज्या सेंटरमध्ये मी एमआरआय मशीन चालवते, तिथले ते रेडिओलॉजिस्ट. रोजची भेट असूनही बाजारात मी समोरून आले तर ओळखणार नाहीत, पण पाठमोरी दिसले की म्हणतील, "मॅडम, उजवी बाजू उतरलीय." माझ्या नवऱ्याला ती आजवर दिसलेली नाही.

त्यांचं संशोधन चालू आहे. ठणठणीत माणसाच्या खांद्याच्या सांध्यात हाडाहाडांमधली फट किती, हे मोजायचं. "पुस्तकातला खांदा परक्यांचा. आपला कोणी मोजलाय?" हे त्यांचं पालुपद.

आता ठणठणीत माणूस आमच्याकडे कशाला तडफडेल? म्हणून डॉक्टर त्याला बाहेर गाठतात. माझ्या मामेबहिणीच्या लग्नात त्यांनी स्टेजवर जाऊन नवऱ्या मुलालाच विचारलं, सोमवारी रिकामे आहात का. आणि एवढं करून जो येतो, तो मशीनमध्ये आडवा झाल्यावर हळूच सांगतो की तसा थोडा दुखतो. मग दिवसभर डॉक्टरांशी बोलायची सोय नाही.

शेवटी त्यांना पालखी सुचली. सुकापूरच्या पलीकडे एका गावात चैत्रात देवीची पालखी निघते. ती उचलणाऱ्यांचे खांदे भक्कमच असणार, हा विद्वान हिशेब. डॉक्टर गावात जाऊन शास्त्रीय भाषेत भरपूर बोलले. गावाला एवढंच कळलं की मशीनमध्ये पास होईल तोच यंदा पालखीखाली, बाकीचे घरी. दुसऱ्या दिवशी अख्खी आळी आंघोळ करून, टिळे लावून आमच्या बाकांवर हजर. मशीनपाशी धातू चालत नाही, त्यामुळे एकेकाच्या सोन्याच्या साखळ्या उतरवून घेण्यातच माझी सकाळ गेली.

पालखीचा पुढचा दांडा वर्षानुवर्षं धर्मानानांचा. नाना साठीच्या पुढचे. त्यांचा फोटो मी काढला, चांगला स्वच्छ आला. फट जवळजवळ मिटलेली, स्नायू झिजलेला. डॉक्टरांनी त्यांना आत घेऊन खरं ते सांगितलं, व्यायाम सांगितला, यापुढे वजन उचलू नका म्हणाले. मी तिथेच होते.

नानांनी खांद्यावरचा सदरा सारखा केला. मग म्हणाले, "दुखतंय ते मला ठावं हाय, डॉक्टर. पन पोरांसमोर नापास नका करू. बायको गेली, आता वर्साचा तेवडा एक दिवस मला कोनी हाक मारतंय."

अर्ध्या मिलिमीटरसाठी माझ्याकडून पुन्हा पुन्हा फोटो काढून घेणारा हा माणूस बाहेर गेला आणि बाकांवरच्या मंडळींना म्हणाला, "नानांचा फोटो हलला. मॅडमची चूक आहे. इथे कोणी पास नाही, नापास नाही. नाना दरवर्षीसारखे पुढेच राहतील."

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझा एक फोटो हलला नव्हता. मी दातओठ खात साखळ्या परत केल्या.

पालखीच्या दिवशी चूक माझी म्हणून नारळ घेऊन मीच गेले. बघते तर नानांच्या मागे, त्याच दांड्याखाली, इस्त्रीच्या शर्टात डॉक्टर. उंची बेताची, म्हणून खांद्यावर टॉवेलाची जाड घडी. नानांचा हात दांड्याला नुसता लागलेला, भार सगळा डॉक्टरांवर. पाय लटपटत होते, पण देवळापर्यंत त्यांनी खांदा बदलला नाही. मला इतकं भरून आलं की दोन दिवस घोळवलेलं भांडण मी विसरले.

पालखी टेकल्यावर नाना गर्दीतून माझ्याकडे आले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मॅडम, फोटोचं मनाला लावून घेऊ नका. चूक कोनाची बी व्हते." त्यांचे डोळे ओले होते.

मी म्हटलं, "हो नाना, माझाच हात हलला."