दुकान वाढवताना

सकाळी नऊ वाजून पन्नास मिनिटांनी काका नेहमीप्रमाणे बंद पडलेल्या सरकत्या जिन्यावरून चालत मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर आले. जिना सरकत असे तेव्हा त्यांनी त्याच्यावर कधी पाऊल ठेवले नव्हते. तो कायमचा थांबल्यापासून त्यांचा त्याच्यावर विश्वास बसला होता. मजल्यावरच्या सव्वीस गाळ्यांपैकी चोवीस काळोखात होते. पंचविसाव्यात, काकांच्या समोरच, खेळणीवाल्या ताई बाहुल्यांवरची धूळ झटकत होत्या. सव्विसावा काकांचा, पादत्राणांचा. त्यांनी शटर वर केले, तीन दिवे लावले, पायाचे माप घ्यायची लाकडी पट्टी पुसून जागेवर ठेवली आणि मागोमाग येऊन रिकाम्या खोक्यांचे गठ्ठे बांधू लागलेल्या काकूंना ऐटीत सांगितले,

"आज महिन्याचा शेवटचा दिवस. बघ आता, कसा सफाईने निघतो ते! गाजावाजा नाही, रडारड नाही. कुणाला कळणारसुद्धा नाही!"

"कळायला मजल्यावर माणूस हवं ना," काकू म्हणाल्या.

ते खरेच होते. गेली तीन वर्षे लोक येत, जोडा पायात घालून पाहत, चार पावले चालत, खोक्यावरचा क्रमांक फोनमध्ये टिपून घेत आणि "छान बसतो हं, काका!" असे म्हणून निघून जात. दोन दिवसांनी तोच जोडा त्यांच्या घरी पोहोचता होई. काकांना त्यांचा राग येत नसे; उलट आपण काढलेले माप बरोबर निघाले याचे समाधान वाटे. पण समाधानावर दुकान चालत नाही.

म्हणून आठ दिवसांपूर्वी त्यांनी मॉलच्या कार्यालयाला पत्र लिहिले होते. तीन ओळींच्या त्या पत्राला तीन संध्याकाळी लागल्या, कारण 'बंद' हा शब्द काही केल्या त्यांच्या लेखणीतून उतरेना. त्यांच्या घरात बांगडी कधी फुटली नव्हती, ती वाढली होती. दुकानही बंद होत नसते, ते वाढवायचे असते, हे वडिलांनी त्यांना गल्ल्यावर बसवण्याआधीच शिकवले होते. अखेर त्यांनी लिहिले: 'येत्या महिनाअखेरीस आम्ही आमचे दुकान वाढवीत आहोत. आजवरच्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.'

हे पत्र ज्या व्यवस्थापकाच्या हाती पडले, तो तिशीतला, कष्टाळू आणि सज्जन गृहस्थ होता. रुजू झाल्यापासून त्याने निरोपाची चौदा पत्रे स्वीकारली होती. वाढवणे या क्रियापदाला त्याच्या लेखी एकच अर्थ होता. त्याने पत्र एकदा वाचले, दुसऱ्यांदा वाचले आणि तिसऱ्यांदा उभे राहून वाचले. या मॉलमध्ये कुणीतरी दुकान मोठे करत होते! नंतरच्या आठवड्यात तो दोनदा वर डोकावला. रिकामी होत चाललेली फळ्यांची रांग पाहून तो गहिवरून म्हणाला, "जागा करताय ना? करा, करा!" आणि काकांना वाटले, किती समंजस माणूस!

दहा वाजून दहा मिनिटांनी भिंत हादरली.

दुसऱ्या हादऱ्याला गिलावा पडला. तिसऱ्याला शेजारच्या रिकाम्या गाळ्यातून एक पहार आत आली आणि तिच्यामागून, भोकातून, गवंड्याचा पांढराफटक चेहरा डोकावला.

"नमस्कार! नुसतं दार काढू, का अख्खी भिंत?"

"अहो, कुणी सांगितलं तुम्हाला?"

"साहेबांनी. तुम्ही दुकान वाढवताय ना?"

"वाढवतोय! पण त्यासाठी भिंत कशाला पाडता?"

गवंड्याने कपाळ पुसले. "भिंत न पाडता कसं वाढवणार?"

काकांनी तोंड उघडले तोच छतातला ध्वनिक्षेपक खरखरला. "लक्ष द्या! दुसऱ्या मजल्यावरील पादत्राणांचे दुकान आज वाढवण्यात येत आहे! या आनंदाच्या प्रसंगी सर्वांनी साडेअकरा वाजता अगत्याने उपस्थित राहावे!"

या घोषणेने माणसे दोन तऱ्हांनी धावून आली. तळमजल्यावरची तरुण मंडळी पुष्पगुच्छ घेऊन आली. मॉलच्या गारव्यात रोज फेऱ्या मारणारी वडीलधारी मंडळी पडलेल्या चेहऱ्याने आली. एका निवृत्त मास्तरांनी काकांचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला.

"ऐकलं आणि फेरी अर्धी टाकून आलो बघा. पण आनंदाचा प्रसंग म्हणताहेत, हे मात्र अति झालं. माणसाच्या दुःखाचा असा सोहळा?"

"अभिनंदन, काका!" फोनची कव्हरे विकणाऱ्या मुलीने त्यांचा डावा हात हलवला.

"धन्यवाद," काका दोघांनाही म्हणाले.

मास्तर त्या मुलीकडे असे पाहू लागले, जणू ती स्मशानात पिपाणी वाजवत होती.

काकूंनी काकांना फळीआड ओढले. "अहो, सांगून टाका ना!"

"काय सांगू?"

"बंद म्हणा! दोन अक्षरं आहेत. जीभ झडत नाही!"

"सांगतो गं. गर्दी जरा पांगू दे."

आतापर्यंत जे चालले होते ते हसण्यावारी नेण्यासारखे होते. हसू होणार होते ते काकांचे, आणि या वयात माणसाला तेवढे पेलते. पण तेवढ्यात खेळणीवाल्या ताई आल्या. त्यांचे डोळे चमकत होते.

"काका, तुम्ही मला वाचवलंत! शाळेसमोरचा तो गाळा मिळत होता ना मला, त्यांना बाराच्या आत हो-नाही कळवायचंय. आठवडाभर झोप नाही. पण तुम्ही वाढवताय म्हटल्यावर मी कशाला जाऊ? कळवून टाकते नाही म्हणून. दोघं मिळून मजला उभा करू!"

काकांनी घड्याळ पाहिले. अकरा वाजून अडतीस मिनिटे झाली होती. शाळेसमोरचा गाळा! शेकडो मुले दिवसातून दोनदा दारावरून जाणार. आणि तो गाळा ही बाई सोडणार होती, आपण एक शब्द गिळला म्हणून.

"ताई, थांबा! फोन करू नका. मी दुकान—"

"काका, दोन शब्द!" व्यवस्थापकाने त्यांच्या हातात माईक खुपसला. माणसे गोळा झाली. ताई हसतमुखाने फोन चाळू लागल्या.

काकांनी घसा खाकरला. "मी दुकान वाढवतोय."

टाळ्या!

"म्हणजे तसं नाही. म्हणजे… कमी करतोय."

हशा पिकला. "काका विनोदी आहेत हं!" कुणीतरी म्हणाले.

"अगदी पूर्ण कमी!" काकांना घाम फुटला. उभ्या आयुष्यात त्यांनी जो शब्द या उंबऱ्याच्या आत उच्चारला नव्हता, तो त्यांनी डोळे मिटून उच्चारला. "बंद!"

व्यवस्थापकाने चपळाईने माईक काढून घेतला, त्यावर दोन टिचक्या मारल्या आणि परत दिला. "नाही, चालू आहे, काका. बोला."

"बंद आहे हो!"

"चालूच आहे. मागे ऐकू येतंय ना?"

"येतंय!" मागचे लोक ओरडले.

काकांनी माईक खाली ठेवला. भाषण हे आपले काम नव्हे, हे त्यांनी ओळखले. त्यांनी काकूंनी बांधलेल्या गठ्ठ्यातून चार मोठी खोकी उचलली, गर्दीतून वाट काढली आणि ते समोरच्या गाळ्यात गेले. तिथे एका स्टुलावर बसून त्यांनी एक बाहुली कागदात गुंडाळली, खोक्यात निजवली आणि दुसरी उचलली.

ताई धावत आल्या. "काका, हे काय करताय?"

"तुमचं सामान भरतोय. शाळा सुटायच्या आत मांडून झालं पाहिजे."

"आणि तुमचं वाढवणं?"

"ते जुनं वाढवणं आहे, ताई. माझ्या वडिलांच्या वेळचं."

ताईंनी वळून काकांच्या रिकाम्या फळ्यांकडे पाहिले. मग त्यांचा हात तोंडावर गेला. घड्याळात बाराला सहा मिनिटे कमी होती. त्यांनी फोन कानाला लावला, भिंतीकडे तोंड केले आणि त्या म्हणाल्या, "हो. मी बोलतेय. हो म्हणतेय मी. आजच येते."

दारात व्यवस्थापक उभा होता. त्याने सगळे ऐकले होते. हातातल्या उद्घाटनाच्या फितीची त्याने नकळत गुंडाळी केली होती.

"मी वरच्या ऑफिसला कळवलंय, काका," तो हळूच म्हणाला. "की एक जण तरी मोठा होतोय."

"चूक माझी आहे, साहेब. स्वच्छ शब्द लिहायला हवा होता."

व्यवस्थापकाने बाह्या वर केल्या आणि खेळण्यातल्या मोटारींचा खण आवरायला घेतला. गवंड्याने अर्ध्या भिंतीचे काय करायचे ते विचारून पाहिले. मग पहार बाजूला ठेवून तोही खोकी उचलू लागला. मास्तरांनी खोक्यांवर क्रमांक घातले.

दोन वाजता ताईंचा टेम्पो गेला. मजल्यावर काका आणि काकू उरले. काकांनी तीन दिवे मालवले. शटर खाली ओढले, कुलूप घातले, ओढून पाहिले.

"चला," ते म्हणाले. "केलं बंद."

काकू जागच्या हलल्या नाहीत.

"काय झालं?"

"चपला आत राहिल्या माझ्या." काकूंनी लुगड्याखालून अनवाणी पावले पुढे केली. "बंद म्हणालात ना तोंडाने! आता उघडा."

काकांनी किल्ली काढली. शटर गुडघ्याइतके वर केले, वाकून चपला बाहेर काढल्या, काकूंच्या पायांपाशी नीट जोडीने ठेवल्या आणि शटर पुन्हा खाली ओढले.