पार्सलचा पंचनामा

परंड्यात आमच्या गल्लीत पार्सल आलं की लोक आधी कात्री शोधत नाहीत, भाऊसाहेबांना शोधतात. नलवडे भाऊसाहेब म्हणजे निवृत्त तलाठी, माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. फाइल, मोजपट्टी आणि दोन पेनं घेऊन ते येतात, खोक्याभोवती एक फेरी मारतात आणि लिहायला बसतात : "आज रोजी आम्ही खालील पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, खोके बाहेरून शाबूत, चिकटपट्टी सलग..." कुणीतरी मोबाइलवर चित्रण करत असतं. मग खोकं फुटतं. पंच म्हणून सही माझी. मी शाळामास्तर, अक्षर बरं आणि दुपारनंतर मोकळा. एवढ्या गुन्ह्यापायी गल्लीतल्या निम्म्या चपलांचा आणि झाडून सगळ्या मिक्सरांचा मी साक्षीदार आहे.

लोक हसायचे. समोरच्या टेलरनं मागवलेल्या मोबाइलच्या खोक्यातून कपड्याच्या साबणाच्या वड्या निघाल्या, तेव्हा हसणं थांबलं. भाऊसाहेबांनी वड्यांचा वास घेतला, मापं घेतली आणि लिहिलं : 'साबण नग दोन, न वापरलेले.' त्या चित्रणामुळं टेलरचे पैसे परत आले. महिन्याभरात तोच टेलर पुन्हा सगळ्यांत मोठ्यानं हसायला लागला. उपकाराची आठवण आमच्या गल्लीत तेवढीच टिकते.

खरेदीच्या आधी विचारलं तर भाऊसाहेबांचा प्रश्न एकच, "चतुःसीमा सांगा." माझ्या बायकोनं त्यांना फोनवर एक पैठणी दाखवली. किंमत निम्मी, तीही फक्त आजच्या दिवस. भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

"दुकानाच्या पूर्वेला कोण? पश्चिमेला कोण? उत्तरंला रस्ता हाय का ओढा? गाव न्हाय, पत्ता न्हाय, अन् पैसे आधी मागतंय. ताई, ज्याला चतुःसीमा न्हाईत ते दुकान न्हाय, नुसतं चित्र हाय."

फोनवर कुणी ओटीपी मागितला तर काय करायचं, हेही त्यांनी गल्लीला शिकवलं होतं. "कुणी अंगठा मागितला तर देताल का? मग आकडा कशाला देता?"

आणि दिवसातून वीसदा, "समक्ष पाहिलंत?" कुर्डुवाडीची गाडी गेली म्हटलं तरी, समक्ष पाहिलंत? न पाहता सही नाही आणि मागची तारीख टाकून कागद नाही, या दोन गोष्टींवर त्यांनी अख्खी नोकरी काढली. त्यापायी बदल्या किती झाल्या ते त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना विचारायचं. सामान त्यांनीच बांधलं.

स्वतः भाऊसाहेबांनी मात्र जन्मात एकच वस्तू फोनवरून मागवली. काकूंसाठी ऐकायचं यंत्र.

काकूंचे कान हळूहळू गेले. ओरडून बोलावं लागायचं, आणि 'गल्लीला ऐकवून संसार करायचा का?' म्हणून भाऊसाहेब घरात बोलायचेच बंद झाले. मग ती जाहिरात आली. तिच्यात एक म्हातारी कानात यंत्र घालून नातवाचं बोलणं ऐकत होती आणि हसत होती. त्या हसण्यापुढं भाऊसाहेब चतुःसीमा विसरले. सेल कधीच बदलावा लागत नाही, असंही त्या जाहिरातीत होतं.

पार्सल आलं. रीतसर पंचनामा झाला. खोके शाबूत, वस्तू चित्राबरहुकूम. मग तपासणी. काकू आत, कानात यंत्र. भाऊसाहेब दाराआडून हळूच म्हणाले, "चहा ठेव." काकूंनी चहा ठेवला. कागदावर आलं, 'ऐकू येते', आणि मी सही ठोकली. तेव्हा चार वाजले होते. काकू रोज चारलाच चहा ठेवतात हे मला माहीत होतं. पण चहा समोर आला, मी तो प्यायलो आणि घरी गेलो.

त्या दिवसापासून भाऊसाहेब बोलायला लागले. तेर गावच्या नोकरीचे दिवस, जुने साहेब, कुणी कुणाचा बांध कोरला, सगळं. शाळेतून आलो की भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, आणि मधूनमधून काकूंचं "व्हय".

पंधरा दिवसांनी मी त्यांचं पातेलं परत द्यायला गेलो. काकू पाठमोऱ्या बसल्या होत्या. यंत्र कानात. मी तीनदा हाक मारली. मान हलली नाही. पातेलं समोर ठेवलं तेव्हा त्या दचकल्या. माझं तोंड बघून त्यांना सगळं समजलं.

"गुरुजी, ह्यांना सांगू नका," त्या म्हणाल्या. "लई वर्सांनी बोलाय लागलेत. तोंडाकडं बघितलं की मला कळतंय थोडंथोडं. न्हाय कळलं तर व्हय म्हणते."

मी सांगितलं नाही. त्यांच्यासाठी गप्प बसलो असं म्हणायला बरं वाटतं. खरं म्हणजे त्या कागदावर माझीही सही होती.

काकू माघात गेल्या. तेरावं झाल्यावर भाऊसाहेबांनी मला बोलावलं. टेलरच्या आईला द्यावं म्हणून त्यांनी यंत्र पुसायला उघडलं होतं. आत तार नव्हती, काही नव्हतं. वजनासाठी चिकटवलेली लोखंडी चकती तेवढी होती. विकणाऱ्याचा नंबर बंद. चौकीत गेले तर त्यांना सांगितलं, तक्रार ऑनलाइन करा. त्या चकतीवाल्याला मी मनातल्या मनात दिलेल्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

"गुरुजी," भाऊसाहेब म्हणाले, "दिवाळीच्या पाडव्याला मी तिची माफी मागितली हो."

"कशाची?" मी विचारलं.

"तिची आई शेवटच्या घटका मोजत होती, तवा मी हिला पाठवलं न्हाय. गारपिटीचे पंचनामे चालू होते. माझ्या जेवणाची आबाळ होईल म्हणून थांबवली. ह्यो एवढा शब्द तोंडावर बोलायची छाती झाली न्हाय. ती भाकरी थापत होती. मी पाठीमागं उभा राहून बोललो. यंत्र होतं ना कानात."

"मग?"

"मागं वळली न्हाय. भाकरी थापत राहिली. मी म्हणलं, केलं माफ."

पाठीमागून बोललेलं काकूंना कळणं शक्यच नव्हतं. मला माझी, त्या सहीची आणि त्या चहाची लाज वाटली.

त्यांनी कागद पुढं सरकवला. त्यांचंच अक्षर, पण ओळी खाली उतरलेल्या. 'सदर यंत्र उघडले असता आत यंत्र नाही. तथापि वापरात असताना मयतास ऐकू येत होते.' मयत म्हणजे काकू. खाली पंचाची जागा कोरी होती.

"समक्ष पाहिलंत ना, गुरुजी?"

"समक्ष पाहिलं, भाऊसाहेब," मी म्हणालो आणि सही केली.

त्यांनी चष्मा लावून सही नीट पाहिली. मग कागद पुन्हा माझ्याकडं सरकवला.

"तारीख दिवाळीच्या पाडव्याची टाका," ते म्हणाले.