पत्रिकेतली शेवटची ओळ

कॉम्प्युटरच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये! आदिलाबादेत मराठी लग्नपत्रिका कॉम्प्युटरवर जुळवायला लागलो, तेव्हा लोक माझा तो डबा बघायला चपला बाहेर काढून यायचे. शिस्तही तशीच होती माझी. पत्रिका असो की मिरची पावडरचं लेबल, प्रत्येक कामाच्या खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख टाकायचीच! म्हणजे कुठलं प्रूफ शेवटचं, हा घोळ होत नाही. या शिस्तीचा मला फार अभिमान.

तर आमच्या भाग्यश्रीचं लग्न ठरलं आणि पहिलाच प्रश्न उभा राहिला तो मामाचा. नवरीला मांडवात आणायचं मामानं. आणि तिचे एकुलते एक मामा, म्हणजे माझे मोठे साळे पंढरीभाऊ, तेवीस वर्षांपासून रुसलेले! कारण माझी आणि अश्विनीची लग्नपत्रिका. ती मीच जुळवली होती. तिच्यात दोन्ही घरचे काका आले, मावश्यांचे नवरे आले, ज्यांना कोणी ओळखत नाही असे दोन सरपंच आले, अन् नवरीचा सख्खा भाऊच राहिला! तेव्हापासून पंढरीभाऊ पैनगंगेकाठच्या गावाहून इथं आदिलाबादजवळ मावल्याला आमच्या घरी येतात, बसतात, कापसाच्या भावापासून जगभरच्या गप्पा मारतात, पण चहा पीत नाहीत. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं!

"म्या नाव टाकलं होतं, छापखान्यानं गाळलं," हे मी तेवीस वर्षं सांगतोय. छापखाना बंद पडला, मालक वारला, त्यामुळे साक्षीला कोणी नाही. इतक्यांदा सांगितलं की ते मलाही खरं वाटायला लागलं होतं.

"जवाई," या वेळी पंढरीभाऊ म्हणाले, "तुमच्या त्या डब्यात पत्रिका हाय म्हनता न? दाखवा मले. माहं नाव दिसलं त पोरीले मांडवात मी आनतो. नाही दिसलं त दुसरा मामा पाहा!"

"रविवारी या भाऊ," मी छाती ठोकून सांगितलं. "पाच मिन्टाचं काम हाय!"

डबा माळ्यावर होता. त्याचा जुना मॉनिटर कधीच भंगारात गेला होता, पण समोरच्या खोलीत नवाकोरा त्रेचाळीस इंची टीव्ही होता. एकाला दुसरा जोडायचा की झालं! दोघांची छिद्रं जुळत नव्हती, एवढंच. बाजारातल्या दुकानदारानं एक केबल हातात ठेवली. "ये लगाव अन्ना, सब दिखता!"

रविवारी पंढरीभाऊ मांडीवर बाटली घेऊन सोफ्यावर बसले. मी केबल कशीबशी दाबून जोडली, बटण दाबलं. डबा पिठाच्या गिरणीसारखा घरघरला. टीव्हीवर अक्षरं आली: सिग्नल नाही.

"हे माहं नाव हाय का?" पंढरीभाऊंनी विचारलं.

गाडी काढून परत बाजारात! दुकानदार शांतपणे म्हणाला, "अन्ना, ये नये मशीन से पुराने टीव्ही कू जाता. तुमकू उल्टा होना." म्हणजे केबललाही एकेरी रस्ता असतो! उलटी आणली, जोडायला गेलो, तर डब्याच्या मागच्या छिद्रात तीही धड बसेचना. बॅटरी मारून पाहिलं. आत सगळं लालपिवळं आणि मधोमध तांदळाचा एक दाणा!

आमची माय, जयवंताबाई, दर दसऱ्याला कापसाचा काटा, फवारणीचा पंप आणि हा डबा, तिन्हींची पूजा करते. हळद, कुंकू, अक्षता, काही बाकी ठेवत नाही.

"माय, याच्या मांगून तांदूळ काऊन टाकला वो?"

"मंग का गहू टाकू?" माय उसळली. "याचं तोंड कोनतं अन् पाठ कोनती, तुनं कधी सांगतलं? इकडून भोकं जास्ती दिसले, म्हटलं हेच तोंड असंल!"

सुईनं कान कोरावा तसं ते छिद्र कोरलं. दाणा निघाला. मायनं तो कपाळाला लावून देव्हाऱ्यात ठेवला. आता केबल बसली आणि टीव्हीवर निळंशार आभाळ उगवलं! भाग्यश्रीनं टाळ्या वाजवल्या. मी मागं वळून नमस्कार करतोय तोवर पडदा काळा. आउट ऑफ रेंज!

"हे त आमच्या गावात मोबाइलवर रोजच येते," पंढरीभाऊ म्हणाले. "गच्चीवर नेऊन पाहा न डबा!"

मी दुर्लक्ष केलं. जुन्या मॉनिटरवर डोळे दुखू नयेत म्हणून चित्राचा वेग मीच वाढवून ठेवला होता, तो या नव्या टीव्हीला झेपत नव्हता. डबा पुन्हा सुरू करून एफ-आठ दाबलं आणि साध्या मोडमध्ये उघडला. चित्र आलं! जाडंभरडं, मोजक्या रंगांचं, पण आलं!

"अश्विनी, चहा टाक! भाऊ आज चहा पिऊन जातीन!"

पत्रिका पडदाभर उघडली. सगळे वाचू लागले. नवरदेव, नवरी, काका, मावश्यांचे नवरे, दोन्ही सरपंच... आणि पडदा संपला. पंढरीभाऊंचं नाव नाही!

पंढरीभाऊ उठले. बाटलीचं झाकण घट्ट केलं. "चाला. पाहाचं होतं थे पाहून झालं."

भाग्यश्री दारातच उभी होती. तिचे डोळे भरून आले आणि माझी सगळी फुशारकी तिथंच उतरली. माझ्या एका ओळीपायी माझी पोरगी मामाशिवाय मांडवात जाणार होती.

कसंनुसं होऊन मी टीव्हीकडे पाहिलं. वरचा गणपतीही डोळ्यांपासूनच सुरू होत होता! मुकुट कुठं गेला?

"थांबा भाऊ! टीव्ही कापून राह्यला पत्रिका!"

जुनं लहान चित्र मिळालं की हा टीव्ही ते चारी बाजूंनी ताणायचा आणि कडा पडद्याबाहेर ढकलून द्यायचा. मी रिमोट घेऊन चित्राचा आकार बदलला. चित्र आकसलं. गणपतीला मुकुट आला. आणि अगदी खाली शेवटची ओळ वर आली: नवरीचे ज्येष्ठ बंधू, श्री. पंढरी!

पंढरीभाऊंनी ती ओळ तीनदा वाचली. मग खाली बसले.

"होतं वो जवाई! तेवीस वर्स मी उगाच तुमच्यावर डाव धरून बसलो!" त्यांनी डोळे पुसले, बाटली बाजूला सारली आणि अश्विनीनं आणलेला चहा प्यायले. मग माझाही प्यायले. भाग्यश्री मामाच्या गळ्यात पडली. माय काही वाचू शकत नव्हती, पण तीही रडली.

मी विजयी मुद्रेनं अश्विनीकडे पाहिलं. ती टीव्हीकडे बघत होती. खाली, उजव्या कोपऱ्यात. तिथं बारीक अक्षरात, माझ्या शिस्तीप्रमाणे, तारीख होती: १९ मे २००२.

आमचं लग्न बारा मेला झालं होतं!

आता तुमच्यापासून काय लपवू? नाव मीच विसरलो होतो. लग्नात पंढरीभाऊंनी आरडाओरडा केला, म्हणून सातव्या दिवशी बसून ती ओळ घातली. पुरावा असावा म्हणून! आणि शिस्त बघा माझी, खोट्या पुराव्यावरही तारीख खरी टाकली!

मी झेप घेऊन वायर उपटली. "लई तापला होता डबा," मी म्हणालो. अश्विनी कपबश्या उचलून आत गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

काल भाग्यश्रीच्या पत्रिका छापून आल्या. जुळवणीपासून प्रुफापर्यंत सगळं अश्विनीनंच पाहिलं होतं. गणपतीच्या लगेच खाली मामाचं नाव, लाल आणि ठसठशीत. मायचं आहे, अश्विनीचं आहे, आताचे दोन सरपंचही आहेत. मी पत्रिका उलटून पाहिली, पाकीट झटकून पाहिलं.

"अश्विनी, माहं नाव कुठी हाय?"

"म्या त टाकलं होतं," ती कांदा चिरता चिरता म्हणाली. "छापखान्यानं गाळलं असंल. फायल दाखवू का?"

"नको," मी म्हणालो.

सध्या सातशे पत्रिकांवर बॉलपेनानं स्वतःचं नाव लिहीत बसलो आहे. तारीख मात्र कुठंच टाकत नाही.