बिनतोंडाचा पाहुणा

आमच्या असोदा गावात सीताअक्कांच्या ओट्यावरून कोणी उपाशी उतरत नाही. विजेचं मीटर बघायला आलेला माणूसही भरीत खातो, ढेकर देतो आणि मीटर न बघताच जातो. मी त्यांचा शेजारी, शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे दोन्ही वेळा सापडतो. नको म्हटलं की अक्का म्हणतात, "लाजू नका मास्तर, पोट कुठं लाजते!" आणि वाढतात.

माणसं पुरत नाहीत म्हणून त्यांची नजर पाखरांवरही असते. अंगणातल्या लिंबावरचं लिंबाळी फुलपाखरू विशेष लाडकं. त्याच्या अळ्या झाडाचा पार खराटा करतात, पण औषध मारायची सोय नाही. "लहानपनी पानं खाल्ली, आता फुलावर येते. घरचंच हाये ते." तक्रार एकच, बसून जेवत नाही.

एकदा सकाळी ओट्याच्या भिंतीवर तळहाताएवढा, फिकट पोपटी, लांब शेपट्यांचा पतंग दिसला. इंग्रजीत त्याला मून मॉथ म्हणतात. पंख अंथरून निवांत बसलेला. अक्का खूश. "पाहुना असा पाहिजे!" त्यांनी लगेच केळं कुस्करून बशी त्याच्यापुढे धरली. मग साखरपाणी. मग चक्क भरीत.

मला राहवेना. म्हटलं, "अक्का, याला खायला तोंडच नसतं. अळी असताना खातो तेवढंच. पंख फुटले की जेमतेम आठवडाभर जगतो, तोही उपाशी."

अक्का बशी धरून उभ्याच. "तोंड नही? मंग माह्या घरी कशाले आला?"

दिव्याला आला असेल, असं मी म्हणालो. ते काही त्यांना पटलं नाही.

पुढे अक्का मोरीत घसरल्या आणि उजवा हात प्लास्टरात गेला. तेव्हापासून दाराला आतून कडी. मुलगा पुण्याला. आमच्या घरचा डबा त्या खिडकीतून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हात बरा झाला का मंग या." मला तो रिकामा ओटा बघवेना. शेवटी एका संध्याकाळी दार वाजवलं.

"केलं काही नही मास्तर. काय वाढू तुम्हाले?" आतून आवाज आला. मग जरा हळू, "भरीत नही तं म्हातारीकडे कोन बसते?"

मी म्हटलं, "अक्का, उघडा. आज मला तोंड नाही."

मग कडी निघाली.

मी भिंतीला टेकून पाय पसरले. अक्का समोर बसल्या. मग पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "मंग तो पाहुना बी नुसता बसालेच आला असंन."

मी उठलो तेव्हा त्यांनी डाव्या हाताने शेवेचा डबा पुढे सरकवला. "तोंड नही तं नही. खिशात घाला."