मुक्ताबाईंचे हात आणि दीड स्टार

विश्वजित जगदाळेला सिनेमातली चूक सापडायला सिनेमा संपावा लागत नसे. कोपरखैरण्याच्या त्याच्या बिल्डिंगमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. "नावं पडायला लागली की मला वास येतो!" असं तो लिफ्टमध्येसुद्धा म्हणायचा, आणि लिफ्टमधली माणसं हळूच आपापले शर्ट हुंगून बघायची.

तसं पाहिलं तर चुका काढणं हा त्याचा पोटापाण्याचाच धंदा. न्हावा शेवा बंदरावर एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात तो दिवसभर कंटेनरचे कागद तपासायचा. एका कागदावर बाराशे नग आणि दुसऱ्यावर अकराशे नव्व्याण्णव दिसले, की याचा चेहरा दिवाळीच्या कंदिलासारखा उजळलाच! तोच चेहरा घेऊन तो दर शुक्रवारी थेटरात जायचा आणि मग 'परखड पडदा' या आपल्या पेजवर परीक्षण टाकायचा. पेजला चारशे बारा फॉलोअर होते. त्यातले सत्तर नातेवाईक, आणि दोन तो स्वतःच, वेगवेगळ्या नावांनी.

त्या शुक्रवारी लागला 'आमटीत पडलं चांदणं'. विश्वजितने हाफ डे टाकला आणि वाशीला पहिला शो गाठला.

सिनेमा असा, की एका गावात ओवी नावाची मुलगी खानावळ चालवते. तिच्या हातची भाकरी खाल्ली की माणूस जमिनीपासून चार बोटं वर उचलला जातो. पोस्टमन तरंगतो, सरपंच तरंगतात, एक म्हैससुद्धा तरंगते. फक्त शहरातून आलेला नायक जमिनीवरच. त्याच्या जिभेची चव गेलेली. शेवटी ओवी त्याला आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून देते, आणि मग तो असा काही वर जातो, की त्याची चप्पल आमटीत पडते!

थेटरात एकोणीस माणसं होती. त्यातली अठरा नाक ओढत होती. एकोणिसावा विश्वजित. तो मोबाइलवर मुद्दे काढत होता.

"अहो, तो उजेड बंद करा!" पुढच्या बाई मागे वळून खेकसल्या. "ती भाकरी थापतेय!"

तीन वाजता, थेटरबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभ्याउभ्याच त्याने परीक्षण टाकून दिलं. मोठ्या समीक्षकांनी 'गोड, पण पचायला जड' असं मोघम लिहून अडीच-अडीच स्टार दिले होते. विश्वजितने दिला दीड. त्यातला अर्धा म्हशीला. आणि शेवटचा परिच्छेद तर त्याने लिहून झाल्यावर स्वतःच तीनदा वाचला:

'नायिकेचा चेहरा जाईच्या कळीसारखा आणि भाकरी थापताना जवळून दाखवलेले हात मात्र पैलवानाचे! ते हात बघून मला वाटलं, आता ही नायकाला घास भरवणार की चितपट करणार? असल्या हातची भाकरी कोण खाईल हो?'

पाच वाजेपर्यंत परीक्षण सातशे जणांनी पुढे पाठवलं होतं. साडेसहाला कुणीतरी त्या हातांना कुस्तीचा लंगोट आणि गदा चिकटवून चित्र केलं. चाळीस हजार लोकांनी ते पाहिलं! विश्वजित घरी निघाला तो स्वतःच चार बोटं वरून चालल्यासारखा.

दार उघडताच तो म्हणाला, "मंजू, आज काय झालंय माहितीये?"

"ते राहू द्या, आधी आईचं ऐका!" मंजुषा म्हणाली.

तिची आई मुक्ताबाई सोफ्यावर बसली होती. मूळची कोरेगावकडची, सहा वर्षांपासून लेकीकडे राहणारी. सेक्टरमधल्या निम्म्या घरांत ऑर्डरीने तिच्या भाकऱ्या जायच्या. एरवी या वेळी तिचे हात परातीत असायचे. आज मात्र ती इरकली साडी नेसून, हात मांडीवर ठेवून, फोटोला बसावं तशी बसली होती. शेजारी सोसायटीचा सेक्रेटरी धनेश, तोंडात पेढा कोंबून.

"जावईबापू," मुक्ताबाई म्हणाली, "उद्या समद्यांनी शिनेमाला जायाचं. दुपारी बाराला. चोवीस तिकिटं काढलीत. त्यो आमटीचा शिनेमा हाय ना, त्यातलं हात माझं हायत!"

विश्वजितच्या हातातली बॅग खाली पडली.

"कुठले हात?"

"भाकरी थापनारं! त्या पोरीला थापाया येईना. पीठ परातीला, परात तिच्या बांगड्यांना. म्हनून म्या!"

"आमचे तलवलीचे जुने घरान शूटिंग होता," धनेशने पेढा गिळून खुलासा केला. "डायरेक्टर रडकुंडीला आलेला. मी बोललो, टेन्शन नको, आमचे बिल्डिंगमदी एक बाय हाय. चार दिवस नेली नं आनली!"

"तेव्हा तर भजनाला जाते म्हणाला होतात!" विश्वजित कसाबसा म्हणाला.

"डायरेक्टरनं शपत घातलेली, शिनेमा लागंपत्तूर सांगायचं न्हाई. इतकं महिनं माझं प्वाट कसं फुगलं हुतं, माझं मला ठावं!"

"अरे वा," विश्वजित म्हणाला. तो 'अरे वा' इतका बारीक निघाला, की धनेशने त्याला पाणी आणून दिलं.

पुढच्याच मिनिटाला तो बाथरूममध्ये होता. त्याने पोस्ट उडवली. पण उपयोग काय? पोस्ट एव्हाना तव्यावरच्या भाकरीसारखी टम्म फुगून गावभर झाली होती. बाहेर मंजुषाचा फोन वाजला. साताऱ्याहून तिच्या चुलतभावाने, रणजीतने, घरच्या ग्रुपवर ते लंगोट-गदेचं चित्र टाकलं होतं: 'भावजी, पैलवान हात! हसून मेलो!'

बाथरूमच्या दारावर टकटक झाली.

"बाहेर या," मंजुषा दबक्या आवाजात म्हणाली. असा दबका आवाज तिने लग्नानंतर एकदाच काढला होता, आणि त्यानंतर विश्वजित आठ दिवस हॉलमध्ये झोपला होता.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"अगं, मला काय माहीत..."

"ओळखले नाहीत? सहा वर्षं ताटात भाकरी वाढणारे हात ओळखले नाहीत?"

"मी भाकरीकडे बघतो गं!"

मंजुषाने हॉलकडे एक नजर टाकली. मग म्हणाली, "आईने वाचलं नाहीये अजून. बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदा नवी साडी नेसलीये. काय करायचं ते तुम्हीच करा."

विश्वजितने बरंच केलं! आधी वायफाय बंद केलं. मग थेटरचा एसी बिघडल्याची बातमी आणली. शनिवारी सकाळी तर त्याने थेट ताप आणला. मुक्ताबाईने कपाळाला हात लावून पाहिला, "गार हाय, पन कुनी सांगावं?" म्हणत मिरी-सुंठीचा असा काढा पाजला, की घोटासरशी तो ताठ उभा राहिला. पावणेबाराला बिल्डिंगमधली चोवीस माणसं थेटरच्या दारात होती.

आणि दारात पाटी, हाऊसफुल्ल!

विश्वजितने पाटी दोनदा वाचली. काल एकोणीस माणसं, आज मुंगीला शिरायला जागा नाही! बाजूची दोन पोरं बोलत होती. "स्टोरी गेली उडत, आपल्याला फक्त पैलवान हात बघायचेत." त्याच्या परीक्षणाने सिनेमा पडायचा सोडून धो धो चालायला लागला होता.

अंधार झाला. सातव्या मिनिटाला पडद्यावर परात आली आणि परातीत ते हात.

"आले! आले पैलवान!" कुणीतरी ओरडलं. शिट्ट्यांनी छप्पर हादरलं.

मुक्ताबाईने जावयाचा दंड धरला. "काय म्हनत्यात वो?"

"पैलवान... म्हणजे... जबरदस्त म्हणतायत, मामी."

"हां!" ती खूश झाली आणि पुन्हा पडद्याकडे बघू लागली.

पण गंमत अशी, की शिट्ट्या हळूहळू कमी झाल्या. म्हैस तरंगली तेव्हा लोक मनापासून हसले. ओवी एकटीच चुलीपुढे बसून थापायला लागली तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. नुसता थप थप आवाज येत होता. विश्वजितला तो आवाज ओळखीचा वाटला. रोज सकाळी सहाला तो ह्याच आवाजाने कूस बदलायचा. मग त्याला अंगठ्याजवळचा पांढरा डाग दिसला, पडद्यावर दुधीभोपळ्याएवढा. गेल्या दिवाळीत, "मामी, अनारसे गरमच पाहिजेत," असा हट्ट त्यानेच धरला होता, आणि तेव्हा कढईतलं तूप तिथेच उडालं होतं.

त्या हातांनी भाकरी मोडली, अर्धी पुढे केली. 'परखड पडदा'चे संपादक हुंदके देऊन रडू लागले!

"शूः! आवाज बंद कर," मागून धनेश म्हणाला आणि त्याने आपला रुमाल पुढे केला.

शो सुटल्यावर धनेशने दारातच आरोळी ठोकली, "हे हात बगा! सिनेमातले खरे हात हिचेच!" झालं! लोकांनी मुक्ताबाईला गराडा घातला. कुणी हात हातात घेतले, कुणी हातांबरोबर सेल्फी काढले. एका बाईंनी तर बाळाच्या डोक्यावर ते हात ठेवून घेतले. मुक्ताबाई लाजून लाल झाली होती. तेवढ्यात कॉलेजातली एक मुलगी मोबाइलचा कॅमेरा चालू करून पुढे आली.

"आजी, त्या 'परखड पडदा'वाल्याला काय सांगाल?"

"कोन त्यो?"

मुलीने परिच्छेद वाचून दाखवला. खणखणीत आवाजात, शेवटपर्यंत.

बिल्डिंगच्या माणसांनी एकाच वेळी विश्वजितकडे मान वळवली. पळायला वाट नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्याला पळायचंही नव्हतं.

"मामी," तो पुढे येऊन म्हणाला, "तो मीच."

मुक्ताबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे पाहिलं, उलटेसुलटे करून.

"पैलवानाचं तर हायतच," ती शांतपणे म्हणाली. "माझा बाप पैलवान हुता. त्याचंच हात आलेत मला. त्यात खोटं काय लिवलंय?" गर्दीत टाळ्या पडल्या. "पन असल्या हातची भाकरी कोन खाईल म्हनालासा न्हवं? त्ये घरी गेल्यावर बघू."

घरी गेल्यावर बघितलंच! मुक्ताबाई सोफ्यावर बसली आणि तिने जाहीर केलं, की आज हातांना सुट्टी. विश्वजितने पीठ मळलं. पहिली भाकरी थापताना चिरली, दुसरी तव्यावर टाकताना दुमडली, तिसरीचा आकार बघून मंजुषा म्हणाली, "ही श्रीलंका झाली." घामाघूम होऊन तो चौथीला भिडला, तेव्हा मुक्ताबाई उठली. "सरका बाजूला. पीठ काय फुकाट येतं?" थप थप आवाज सुरू झाला. त्या दिवशी विश्वजित पहिल्यांदाच भाकरीकडे न बघता जेवला.

जेवण झाल्यावर, हात न धुताच त्याने नवीन परीक्षण लिहायला घेतलं. साडेचार स्टार दिले. 'काल लिहिलं ते अडाणीपणाचं होतं,' असं स्वच्छ लिहिलं. हातांवर दोन परिच्छेद खर्च केले, डागावर एक. पोस्ट टाकून तो हात धुवायला उठला, आणि मुक्ताबाईने कौतुकाने मोबाइल उचलला.

"जावईबापू, एकानं काय तरी इचारलंय बगा. 'कालपर्यंत दीड आणि आज साडेचार? किती खाल्ले, साहेब?'" ती हरखली. "भला मानूस दिसतोय! जेवनाची चवकशी करतोय!"

"मामी, थांबा!" विश्वजित साबणाच्या हातानेच धावला. "त्याला काही..."

पण तोवर मुक्ताबाईने माइकचं बटण दाबलं होतं. तोंडाशी मोबाइल धरून, लांबच्या माणसाला ऐकू जावं म्हणून ती मोठ्याने म्हणाली, "अडीच! तिसरीबी घेनार हुते, पन संपलं!"

शब्द टाइप झाले, तिचा अंगठा बाणावर पडला आणि ते पोस्टखाली उमटले. पाठोपाठ तिकडून उत्तर आलं: 'चला, निदान कबूल तरी केलं!'